दोन इंच दीड सूत

गिटारची मान माझ्याच हातून गेली. घरात मी पावसाचं नाव सांगितलं होतं, आणि ते अर्धं खरंही होतं. शिवऱ्यात आषाढ लागला की आमच्या जुन्या घराच्या भिंती ओल धरतात, दारं चौकटीत अडकतात. भिंतीला टांगलेल्या गिटारची मान जराशी वाकली, यात नवल नव्हतं. पण अशा मानेच्या पोटात ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई असते. तिचा नट पाव फेरा फिरवायचा, थांबायचं, तारा पुन्हा सुरात आणून बघायचं. मी एका बैठकीत दीड फेरा पिळला. आतून ‘कट्’ असा आवाज आला.

नवी मान मागवली. ती आली, मेपलची, गुळगुळीत, पण कोरी. मागे चार स्क्रूंची भोकं पाडलेली नव्हती. ती थोडी जरी सरकली तर मान तिरकी बसते आणि कडेची तार पट्टीवरून घसरते. माझ्याकडे डिजिटल व्हर्निअर होता. ड्रिल मशीन नव्हतं. ते मिस्त्रीकडे होतं.

“त्यांनाच बोलवा की,” बायको म्हणाली.

“मशीन तेवढं घेतो. गिटार नाही देणार त्याच्या हातात. चौकटी करणारा माणूस, त्याला काय कळणार?”

हे मी किती सहज बोललो, ते सांगायचं म्हणून हा सगळा खटाटोप. मिस्त्री माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, पण मी त्याला लहानपणापासून अरे-तुरे करत आलो. त्याचे वडील सुगीत आमच्या खळ्यावर बलुतं न्यायला यायचे. त्यांच्या उपरण्यात पडणारं धान्य माझ्या डोळ्यांत बसलं. आमचा बाभळीचा नांगर, कुळव, माजघराचा उंबरा त्यांनीच केला होता, ते बसलं नाही. बलुतं म्हणजे वर्षभर आधी करून दिलेल्या कामाची मजुरी. मला ती भीक वाटायची. बारा बलुतेदारांची नावं घडाघडा म्हणून शाळेत शाबासकी मात्र मिळवली होती.

आणि याच तोंडाने मी पुण्यातल्या माझ्या विद्यार्थ्यांना लिओ फेंडरची गोष्ट सांगत आलोय. कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, स्वतःला गिटार वाजवता येत नव्हतं. त्याने १९५० साली मान सरसाने न चिकटवता स्क्रूंनी बसवलेली गिटार बाजारात आणली. बिघडली तर काढा, दुसरी लावा. मिरजेचंही सांगायचो, हत्यारांना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात सतारी-तंबोरे करू लागले ते. दूरच्या माणसाला वाजवता येत नाही, ती प्रतिभा. घरामागच्या माणसाला येत नाही, तो अडाणीपणा. असा माझा न्याय.

मिस्त्री मशीन घेऊन आला आणि ते माझ्या हातात न देता ओटीवर बसला. “बघू तरी.”

मी ऐट केली. “मान बसते ती खाच पंचावन्न पॉइंट छप्पन मिलिमीटर आहे.” त्याने फूटपट्टी टेकवली. “दोन इंच दीड सूत.” इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत. मी फोनवर गुणाकार केला. तंतोतंत तेच.

मग मी मान खाचेत दाबली. “पाड आता भोकं.”

त्याने मशीन उचललंच नाही. बाराव्या पट्टीवर बोट ठेवून विचारलं, “समद्या ठिकाणी एक ठिपका, हितं दोन का?”

मी सांगितलं, तिथे तार निम्मी होते, सूर तोच पण वरच्या सप्तकातला.

“पुरी तार किती?”

“साडेपंचवीस इंच.”

“म्हंजी पावणेतेरा.” मी अजून कॅल्क्युलेटर उघडत होतो. त्याने बारीक तारेच्या बाजूने टेप लावला. वरून पट्टीपर्यंत पावणेतेरा बरोबर. पट्टीपासून खालच्या घोडीपर्यंत तेराला सूत कमी. “सूतभर जादा भरतंय. मान बुडाला टेकली नाय.”

मान काढून बॅटरी मारली. खाचेच्या कोपऱ्यात रंगाचा गोळा वाळून बसला होता. वरच्या प्लॅस्टिकच्या पत्र्यामुळे फट दिसत नव्हती. मी म्हणालो तेव्हाच भोकं पाडली असती, तर वर चढावं तसा सूर उतरत गेला असता, आणि मी मान पाठवणाऱ्याला शिव्या घातल्या असत्या.

मिस्त्रींनी पटाशीने नुसता रंग खरवडला, लाकडाला धक्का नाही. मग बायकोकडून काळा दोरा मागितला आणि मानेच्या दोन्ही कडांनी घोडीपर्यंत दोन दोरे ताणले. मान बसवायची म्हणून मी जो व्हिडिओ पाहिला होता, त्यातही हे होतं. कंटाळवाणं म्हणून मी तेवढा भाग पुढे ढकलला होता. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. “धरा हितं. ढिला सोडू नका.” मी धरलं. एक डोळा मिटून ते बराच वेळ बघत राहिले. बाहेर महामार्गावर साताऱ्याकडे जाणारे ट्रक घुमत होते आणि मला हात हलवायची भीती वाटत होती. सूत्रधार या शब्दावरून सुतार आला, हे मी वर्गात फळ्यावर कितीदा तरी लिहिलंय. खडू झटकून पुढच्या शब्दाकडे गेलोय. आज सूत त्यांच्या हातात होतं, आणि दुसरं टोक धरणारा मी, सांगितल्या कामाचा गडी.

भोकं किती खोल जायची त्यासाठी त्यांनी ड्रिलच्या पात्याला चिकटपट्टी गुंडाळली. मेपल कडक, म्हणून स्क्रूंना साबण चोळला. तारा चढवल्यावर त्या पट्ट्यांपासून फार उंच राहिल्या, तेव्हा लग्नपत्रिकेची एक पट्टी कापून मानेखाली पाचर म्हणून सरकवली. कोणाची पत्रिका ते बघायचं राहिलं. मी एक सूर छेडला, मग बाराव्या पट्टीवर तोच. जुळला. मिस्त्री तोवर हत्यारं पिशवीत भरत होते.

परवा एसटीच्या थांब्यावर भेटले. “मिस्त्री, तुम्ही चहा घेणार का?” मी विचारलं. जीभ अडखळली.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तुम्ही? पैसं कमी द्यायचा इचार दिसतोय दादा.”

पैसे अजून दिलेच नव्हते.