ऊन आणि नजर

जयपूरचा हवामहल सवाई प्रतापसिंहांनी १७९९ साली बांधून घेतला. राजघराण्यातल्या स्त्रियांना रस्त्यावरच्या मिरवणुका दिसाव्यात, पण रस्त्यावरच्या माणसाला त्या दिसू नयेत, ही अपेक्षा झरोक्यांच्या जाळ्यांनी पुरी केली. त्याचं श्रेय सगळे नक्षीला देतात. खरं काम होतं ते उजेडाच्या फरकामुळे. भर दुपारच्या उन्हात रस्त्यावर एक लाख लक्सच्या आसपास प्रकाश असतो, जाळीमागच्या खोलीत फार तर काहीशे. बाहेरच्या झगझगाटाला सरावलेल्या डोळ्याला छिद्रांमागे काळोखच दिसतो. आत बसलेल्याला मात्र अख्खा बाजार दिसतो. दिवेलागणीला हे गणित उलटतं. आत दिवा आणि बाहेर अंधार असला, की तीच जाळी आतल्या माणसाला उघडं पाडते.

बागेत किंवा गच्चीवर छोटा मंडप, हल्लीच्या बोलीत ‘गझिबो’, हवा असणाऱ्या घरमालकाच्या मागण्या साधारण याच असतात: उजेड खेळता हवा, आणि शेजाऱ्यांच्या नजरेत येता कामा नये. वास्तुरचनाकार आता हे सगळं संगणकातल्या मॉडेलवर तपासतात. त्यात उन्हाचा अभ्यास नेमाने होतो, नजरेचा क्वचितच. वास्तविक दोन्हींची भूमिती एकच आहे.

राइनो या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आकार काढायचा आणि त्यातच चालणाऱ्या ग्रासहॉपरमध्ये त्याचा नियम बांधायचा, ही आता रुळलेली पद्धत. डेव्हिड रटन यांचं ग्रासहॉपर २००७ पासून वापरात आहे. त्यात जाळीचं एकेक छिद्र काढत बसावं लागत नाही. रुंदी, जाडी, दोन छिद्रांमधलं अंतर असे आकडे ठरवायचे. एक आकडा सरकवला की सबंध भिंत बदलते. जोडीला लेडीबग हे पूरक साधन घेतलं, तर गावाची हवामान-फाइल वाचून वर्षातल्या कुठल्याही तासाचा सूर्य मॉडेलवर आणता येतो.

पुण्याचंच उदाहरण घेऊ. अक्षांश साडेअठरा. २१ डिसेंबरला माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला सुमारे ४८ अंशांवर असतो, आणि ही माध्यान्ह घड्याळात बारा वाजता येत नाही, साडेबारा उलटून गेल्यावर येते. आता दक्षिणेच्या भिंतीत ५० मिलिमीटर चौरस छिद्रांची, ५० मिलिमीटर जाडीची जाळी बसवली, तर ४५ अंशांच्या वरून येणारं ऊन छिद्राच्या वरच्या कडेलाच अडतं. वर्षातला सगळ्यात खालचा माध्यान्हीचा सूर्यसुद्धा थेट आत येत नाही. सकाळी दहाच्या सुमारास आणि तसंच दुपारी एखादी बारीक तिरीप शिरते, तेवढीच.

या हिशेबात जाडीला फार महत्त्व आहे. सध्या लेझरने कापलेल्या लोखंडी पत्र्याच्या जाळ्यांची चलती आहे. नक्षी थेट मुघल असते, पत्रा तीन मिलिमीटरचा. तेवढ्या पत्र्यातल्या ५० मिलिमीटरच्या छिद्रातून ऊन हवं तसं आत येतं, आणि नजरही. जुन्या दगडी जाळीची नक्षी उचलली आणि जाडी सोडून दिली, असा हा प्रकार आहे. स्वस्त पडतो, फोटोत छान दिसतो, पण उन्हापुढे टिकत नाही.

आता सूर्याच्या जागी शेजारी उभा करा. मंडपापासून आठ मीटरवर इमारत आहे. मंडपात बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपासून तिसऱ्या मजल्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांपर्यंत रेघ ओढली, तर ती साधारण ४९ अंशांची होते. म्हणजे डिसेंबरचं माध्यान्हीचं ऊन अडवणारी जाळी तिसरा मजलाही अडवते. दुसऱ्या मजल्याची रेघ मात्र ३८ अंशांची, पहिल्याची २२ अंशांची. ते दोघे सरळ आत पाहू शकतात. उपाय ग्रासहॉपरच्या एका आकड्यात आहे: छिद्रं बाहेरच्या बाजूला खाली झुकवायची. ३१ अंशांच्या आसपास झुकवली, की पहिल्या मजल्याची रेघही तुटते, आणि आत बसलेल्याला झाडांचे बुंधे, वाफे, फाटकाशी आलेल्याचे पाय दिसत राहतात. आकाशाचा उजेड यात घटतो, हे कबूल. पण जाळीबाहेरच्या जमिनीवर पांढरट खडी पसरली, तर तिच्यावरून उसळलेला मऊ उजेड झुकत्या छिद्रांतून छतावर पोचतो. फरशी काळी घेतली, तर मंडप दिवसाही खिन्न दिसेल.

लंडनमध्ये केन्सिंग्टन गार्डन्सच्या हिरवळीवर सर्पेंटाइन गॅलरी दर उन्हाळ्यात एक तात्पुरता पॅव्हिलियन उभारते. २०१८ साली तो मेक्सिकोच्या फ्रीडा एस्कोबेडो यांनी केला. मेक्सिकोतल्या घरांना वारा खेळवणाऱ्या जाळीच्या भिंती असतात. एस्कोबेडो यांनी तशाच भिंती रचल्या, त्याही ब्रिटनमध्ये बनलेल्या काँक्रीटच्या साध्या छपरी कौलांच्या. आतून पाहिलं की बागेचा हिरवा-निळा रंग तेवढा उरायचा, आकार विरघळून जायचे. वर खालच्या अंगाला आरसे लावलेलं वळणदार छत, खाली त्रिकोणी उथळ पाणी. उजेड आत येतो आणि नजर गाळली जाते, याचा इतका नेमका नमुना अलीकडे क्वचितच झाला असेल. मात्र तो होता जून ते ऑक्टोबरपुरता. डिसेंबरात लंडनचा माध्यान्हीचा सूर्य जेमतेम १५ अंशांवर येतो. तो बहुतेक जाळ्यांतून आरपार जातो. पुण्यात तर १३ मेच्या सुमारास सूर्य डोक्यावर येऊन सावलीच गायब होते आणि मग जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीला तो उत्तरेकडे झुकलेला असतो. तिथली जाळी उचलून इथे लावून चालत नाही, असं म्हणतात ते याच कारणासाठी.

स्टुडिओ मुंबईचे बिजॉय जैन यांनी २०१६ साली मेलबर्नच्या ‘एमपॅव्हिलियन’ या तशाच तात्पुरत्या मंडपासाठी दुसरीच वाट धरली. बांबूचा सांगाडा, वर छपराला कारवीच्या काड्या. सह्याद्रीतल्या घरांच्या कुडांना वापरतात तीच कारवी. कारागिरांच्या हातून नमुने घडवत पुढे जायचं, ही जैन यांची ओळख. मॉडेलवाल्यांनी त्यांच्याकडून एक गोष्ट नक्की घ्यावी: मीटरभर जाळीचा खराखुरा नमुना प्रत्यक्ष जागेवर उभा करणं. कोन संगणक बिनचूक सांगतो. डोळा उजेडाला कसा सरावतो, ते तिथे बसूनच कळतं.

आणि हा नमुना संध्याकाळी सातनंतर पाहावा. उन्हाचे तक्ते दिवसाचे असतात, गझिबोतली बैठक जमते रात्री. मंडपाच्या मधोमध लटकवलेला दिवा सगळी मेहनत पाण्यात घालतो. मॉडेलमध्ये दिवेही मांडता येतात, तेव्हा निदान दोन जागा तपासाव्यात. पहिली बाकाच्या खाली: तिथला मंद दिवा फक्त फरशी उजळतो, चेहरे नाही. दुसरी जाळीच्या बाहेर, जमिनीलगत: तिथून वर फेकलेला उजेड जाळीच्या बाहेरच्या अंगावर घासत जातो, बाहेरून पाहणाऱ्याला उजळलेली जाळी दिसते आणि तिच्यामागची माणसं अंधारात राहतात. वायरिंगची नळी मात्र पाया भरतानाच टाकून ठेवावी लागते.