पुन्हा मातीवर

आज जुनी इम्पल्स मोटरसायकल घरी आणली. हिरोची, 2012 सालची, 150 सीसीची. वीस वर्षांनी पुन्हा मातीच्या वाटेवर गाडी घालणार आहे. एखादी नवी गाडी घेता आली असती. पण परतल्यावर पहिले काही महिने पडण्याचे असतात, आणि नव्या टाकीवरचा पहिला ओरखडा माणसाला भित्रा करतो. जुन्या गाडीवर ते भय राहत नाही.

बघायला सकाळी लवकर गेलो. आधी इंजिनाला हात लावला, थंड होतं. तापवून ठेवलेलं इंजिन आपले दोष लपवतं. सुरू केलं, निळा धूर आला नाही. पुढचे शॉकअप दाबले, तर डाव्या नळीवर तेलाची कड उमटली. ऑइल सील गेलेलं. ते बदलता येतं. चेसिसवर वेल्डिंगचा टाका दिसला असता, तर मात्र तिथूनच परतलो असतो. स्पोक एकेक करून वाजवले, चेसिस नंबर आरसी बुकाशी ताडून पाहिला. नोंदणी 15 वर्षांची, म्हणजे 2027 मध्ये फेरनोंदणी. तोही खर्च हिशेबात धरला.

संध्याकाळी मुरमाड उतारावर फूटरेस्टवर उभा राहिलो. गुडघे आधी आखडले, मग हळूहळू त्यांना सगळं आठवलं.

परतायचं असेल, तर हलकी, साधी, गावातल्या मेकॅनिकला दुरुस्त करता येईल अशी गाडी घ्या. वाचलेले पैसे हेल्मेट, बूट आणि गुडघ्यांच्या गार्डवर घाला.