डावा डोळा

मोटारगाडीला चेहरा असतो, हे लहान मुलांना कोणी सांगावे लागत नाही. मोठेपणी आपण ते विसरतो आणि गाडी किती किलोमीटर पळते, तिची किंमत काय, असल्या अरसिक चौकशा करू लागतो. हल्लीच्या गाड्यांचे दिवे पाहावेत तर बारीक, तिरके, कपाळापर्यंत ओढलेले. जणू साऱ्याजणी घरून भांडूनच निघाल्या आहेत! १९३० नंतरच्या दशकातल्या इंग्लिश स्पोर्ट्स गाड्यांचे तसे नव्हते. रेडिएटरच्या दोन्ही अंगांना दांडीवर बसवलेल्या दोन गोल, चकचकीत वाट्या. समोरून पाहिले की वाटावे, कोणी प्रेमळ मास्तरीणबाई चष्मा सावरून आपल्याकडे बघत आहेत.

अशी एक गाडी बर्मिंगहॅमला माझ्या शेजारच्या घरी आहे. एम. जी. टी. ए., १९३७ सालची. एम. जी. हे नाव आता आपल्याकडच्या रस्त्यांवरही दिसते. पण त्या गाड्यांनी वारसा घेतला आहे तो नावापुरता. ही टी. ए. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनची. १९३६ ते १९३९ या काळात अशा सुमारे तीन हजार गाड्या तिथे तयार झाल्या. तो कारखाना १९८० मध्ये बंद पडला. हिच्याच घराण्यातली, युद्धानंतरची टी. सी. ही गाडी लग्नाआधी राजपुत्र फिलिप यांच्याकडे होती, हे शेजारच्या बाई प्रत्येक नव्या पाहुण्याला सांगतात. सांगताना आवाज असा काही खाली आणतात, की त्या गाडीत मागे बसून यांनीच सारे पाहिले असावे! (गाडीला मागची बैठक नाही, ही गोष्ट निराळी.)

बाईंचे वय ऐंशीच्या पुढे. त्यांचे यजमान जाऊन चार वर्षे झाली. गाडी मूळची यजमानांच्या वडिलांची. ते डॉक्टर होते. मी निवृत्त होईपर्यंत इथल्या एका प्लेटिंगच्या कारखान्यात होतो. म्हणून गेल्या वर्षी बाईंचे चिरंजीव चहाचे एक जुने लाकडी खोके घेऊन माझ्याकडे आले. खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले गाडीचे मूळचे दिवे होते. यजमानांनी ते १९६४ मध्ये काढून ठेवले आणि त्यांच्या जागी नव्या धर्तीचे बसवले. चिरंजीवांना गाडी कारखान्यातून निघाली तशी करायची होती. "रिफ्लेक्टर तेवढे बघाल का?" त्यांनी विचारले.

मी वर्तमानपत्र उलगडले. आतली वाटी काळी ठिक्कर पडली होती.

पुष्कळांना ठाऊक नसते, की जुन्या दिव्यांच्या आत चांदी असते. पितळेच्या वाटीवर चांदीचा मुलामा. पडलेल्या प्रकाशापैकी शंभरात पंच्याण्णव भाग चांदी परत फेकते. क्रोमियम जेमतेम पासष्ट. हौशी लोक क्रोमचा टिकाऊपणा पाहून आतूनही क्रोम करून घेतात. दिवा दिसतो झकास, आणि रस्त्यावर उजेड पडतो तो देवघरातल्या समईइतका. चांदीचे दुखणे एवढेच, की हवेतल्या गंधकाने ती काळवंडते. आपल्याकडे दिवाळीच्या आधी घरोघर निरांजने नि तबके काढून रांगोळीने घासतात ना, तेच हे काळे. मात्र रिफ्लेक्टरला रांगोळी लावाल तर संपलेच! एक बारीक ओरखडा म्हणजे प्रकाशाची एक वाट चुकली. बोटाचा ठसासुद्धा चालत नाही.

काम करायला गाव मात्र योग्य होते. विजेने चांदीचा मुलामा देण्याच्या कृतीचे पेटंट एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये घेतले, ते याच बर्मिंगहॅममध्ये. आणि हे दिवे ज्यांचे, ते जोसेफ ल्यूकस इथल्याच हॉकली भागात हातगाडीवर रॉकेल विकत फिरत. पुढे त्यांनी सायकलचे दिवे काढले नि त्यांना नाव दिले 'किंग ऑफ द रोड'. रॉकेलवाला रस्त्याचा राजा झाला! ल्यूकसला 'अंधाराचा राजपुत्र' म्हणण्याचा विनोद मोटारवाल्यांत फार जुना आहे. मला तो अन्यायाचा वाटतो. साठ-सत्तर वर्षे ज्या तारांकडे कोणी ढुंकून पाहिले नाही, त्यांनी एका रात्री दगा दिला तर दोष कोणाचा? आपल्याकडे मद्रासेस १९६१ मध्ये ल्यूकस-टी. व्ही. एस. निघाली, तेव्हापासून हे नाव आपल्या ट्रकवाल्यांच्याही तोंडी बसले.

जुनी चांदी उतरवली, पितळेतले पोचे काढले, बफ केले, पुन्हा चांदी चढवली. माझे हात अजून चालतात याचा मला मनातून थोडा आनंदही झाला. काचा मूळच्याच होत्या. त्यांवरच्या उभ्या रेघा शोभेसाठी नसतात; त्या उजेड आडवा पसरवतात. बाजारात मिळणाऱ्या नव्या काचांत त्या रेघा जशाच्या तशा क्वचितच असतात, म्हणून एका काचेची कड उडालेली असूनही ती आम्ही ठेवली.

खरी गंमत डाव्या दिव्यात होती. आपण आज 'डिपर मारतो' म्हणजे दोन्ही दिवे खाली पाहतात. त्या काळच्या इंग्लिश गाड्यांत रीत निराळी. समोरून गाडी आली की उजवा दिवा विझायचा आणि डाव्यातली वाटीच विद्युत्चुंबकाच्या ओढीने खाली कलायची. मराठीत याला नेमका शब्द आहे: डावा डोळा लवतो. बायकांचा डावा डोळा लवला तर ते शुभ, असे माझी आजी म्हणे. मी ते बाईंना समजावून सांगितले. मला वाटले, त्या हसतील.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माझ्या बाबतीत ते शुभ नव्हते."

१९६४ ची गोष्ट. लग्नाला तीन महिने झाले होते. माल्व्हर्नच्या टेकड्यांवरून दोघे रात्री परतत होती. समोरून एक लॉरी आली. यजमानांनी डिपर दिला. उजवा दिवा विझला. एकच दिवा पाहून लॉरीवाल्याला वाटले, मोटारसायकल आहे. तो मध्यावर सरकला. बाईंच्या गाडीचे उजवे मडगार्ड आणि लॉरी यांच्यामध्ये किती जागा उरली होती, ते त्यांनी मला बोटे जुळवून दाखवले. घरी पोचल्यावर बाईंनी सांगितले, की दोन्ही दिवे जळत राहिल्याखेरीज मी या गाडीत पाऊल टाकणार नाही. यजमानांनी दुसऱ्याच रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर दिव्यांची दांडी ठेवून तिला दोन नवी भोके पाडली. टेबलावर ड्रिलचा खड्डा आहे. त्यावर त्या फुलदाणी ठेवतात.

आता चिरंजीवांना ते दिवे काढून ती भोके बुजवायची होती. त्यांची बाजू खोटी नव्हती. गाडी अस्सल असावी म्हणजे साऱ्या अंगाने असावी. आणि क्लबाचे परीक्षक भिंग घेऊन येतात. बाई काही बोलल्या नाहीत, पण दोन दिवस चहाला बोलावणे आले नाही. मी चांदीचा माणूस. माझे मत कोणी विचारले नव्हते. विचारले असते तर मी म्हटले असते, की कोणत्या दिवसापर्यंतची गाडी मूळची, हे आधी ठरवा.

कारण खोक्याच्या तळाशी आणखी एक वस्तू निघाली. पत्र्याचे काळे झाकण, पुढे आडव्या चिरा नि त्यांवर बारीक पडद्या. चिरंजीवांना ते काय ते कळेना. मला कळले. १९७१ च्या युद्धात पुण्याला आमच्या काकांच्या स्कूटरचा दिवा मीच अर्धा काळा रंगवला होता. इथे १ सप्टेंबर १९३९ पासून काळोख सुरू झाला, तो सप्टेंबर १९४४ मध्ये थोडा सैल झाला. एका दिव्याचा बल्ब काढायचा, दुसऱ्याला असे झाकण घालायचे, मडगार्डच्या कडा पांढऱ्या रंगवायच्या. वस्तीत रात्री ताशी वीस मैलांची मर्यादा. त्या चिरांतून गळणाऱ्या उजेडात डॉक्टर बाळंतिणींकडे आणि बॉम्बखाली सापडलेल्यांकडे जात. झाकणाच्या स्क्रूंचे तीन ओरखडे दिव्याच्या कड्यावर अजून आहेत. मडगार्ड थोडे खरवडले तर हिरव्या रंगाखाली पांढरी कडही लागली.

बाईंनी ते कडे हातात घेऊन पुष्कळ वेळ पाहिले. मग मुलाला म्हणाल्या, "आजोबांचे ओरखडे ठेवणार असलास, तर बाबांची भोकेही राहू देत. दिवे जुने लाव. मात्र अंधार पडायच्या आत घरी यायचे."

ऑक्टोबरच्या शेवटी, घड्याळे तासभर मागे गेल्यावर, संध्याकाळी पाच वाजताच अंधारलेले असताना आम्ही गल्लीच्या टोकाच्या भिंतीसमोर पंचवीस फुटांवर गाडी उभी केली. बल्बची पकड मागेपुढे सरकवून उजेड एका ठिपक्यावर आणायला तासभर लागला. चिरंजीवांनी डिपर दिला. उजवा विझला, डाव्यातून खट् आवाज आला, आणि भिंतीवरचा उजेड खाली, कडेच्या गवतावर उतरला. बाई शाल लपेटून उजव्या बाजूला, बरोबर अंधारात उभ्या होत्या. "पुन्हा कर," त्या म्हणाल्या. त्याने चार-पाच वेळा केले.

जूनमध्ये गाडी प्रदर्शनाला गेली. परीक्षकांनी दिव्यांना पूर्ण गुण दिले आणि दांडीवरच्या दोन भोकांसाठी तीन कापले. चिरंजीव अजून त्यावरून कुरकुरतात. बाईंनी तो गुणांचा कागद मागून घेतला, घडी केली, आणि यजमानांचे १९६४ चे दिवे ज्या खोक्यात आता ठेवले आहेत, त्यात वरती घातला.