जळती आगगाडी आणि बोरघाट

पुण्याहून सुटलेली लोणावळ्याची लोकल खडकीपुढे मुळेवरचा पूल ओलांडते आणि दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी अशी एकेक ठेसने घेत निघते. या रुळांवरून १८५८ पासून गाड्या धावताहेत. तेव्हा दोन्ही अंगांना शेतीच होती. १९५४ साली पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, मागोमाग मोटारी, स्कूटरी आणि बेअरिंगांचे कारखाने आले, आणि आता ही रांग पार चाकणला जाऊन भिडली आहे. चाकणला अजून रेल्वे नाही. कांदा-बटाट्याच्या बाजाराला आलेला शेतकरी काय किंवा तिथल्या कारखान्यातला कामगार काय, गाडी धरायची तर त्याला तळेगाव नाहीतर चिंचवड गाठावे लागते.

डब्यात पाय ठेवायला जागा नसते. जेवणाचे डबे, दुधाच्या किटल्या, कडेवरची पोरे. अशा गर्दीत कुठूनसा जळका वास आला, की पन्नाशीपुढच्या माणसाला हटकून एक सिनेमा आठवतो.

तो सिनेमा म्हणजे १९८० साली आलेला ‘द बर्निंग ट्रेन’. बी. आर. चोप्रांनी काढलेला आणि त्यांचे चिरंजीव रवी चोप्रा यांनी दिग्दर्शित केलेला. याच बापलेकांनी पुढे दूरदर्शनवर ‘महाभारत’ आणले. अमेरिकेत १९७४ साली जळत्या गगनचुंबी इमारतीवर आणि जपानमध्ये १९७५ साली बॉम्ब ठेवलेल्या वेगवान गाडीवर चित्रपट निघाले होते, त्याच वाटेचा हा हिंदी पसारा. धर्मेंद्र, हेमामालिनी, विनोद खन्ना, जितेंद्र, परवीन बाबी, नीतू सिंग, डॅनी, एवढी मंडळी एका गाडीच्या गोष्टीत. गाणी साहिर लुधियानवींची, संगीत राहुलदेव बर्मन यांचे. एवढे करूनही त्या वेळी धंदा बेताचाच झाला; लोकांच्या मनात तो ठसला पुढे, हळूहळू. दिल्लीहून मुंबईला निघालेल्या नव्याकोऱ्या गाडीचा ब्रेक खलनायक काढून टाकतो आणि इंजिनात बॉम्ब ठेवतो, एवढे सांगतो. शेवट ज्याने त्याने पाहावा.

पडद्यामागची गंमत अशी, की असल्या चित्रपटांत धावत्या गाडीतले बरेचसे प्रसंग उभ्या डब्यातच घेतात. खालून तरफा लावून गडी डबा हलवतात, खिडकीबाहेरून दिवे नाहीतर झाडाच्या फांद्या पळवतात, की पाहणाऱ्याला गाडी सुसाट वाटते. ज्वाळा बहुधा गॅसच्या नळ्यांतून सोडतात, म्हणजे तोटी फिरवली की आग खाली बसावी. लांबून दिसणारी जळती गाडी कित्येकदा खेळण्यासारखी छोटी केलेली असते.

पण आग दिग्दर्शकाचे ऐकेलच असे नाही. ‘मदर इंडिया’च्या वेळी १९५७ साली सुरत जिल्ह्यातल्या उमरा गावी गवताच्या गंज्या पेटवल्या होत्या. वारा फिरला आणि नर्गिस ज्वाळांत सापडली. तिला बाहेर काढले ते पडद्यावर तिच्या मुलाचे काम करणाऱ्या सुनील दत्तने. पुढच्या वर्षी दोघांचे लग्न झाले, म्हणून ही हकिगत लोक हौसेने सांगतात. म्हैसूरची हकिगत कुणी तशी सांगत नाही. तिथे ८ फेब्रुवारी १९८९ रोजी टिपू सुलतानावरच्या मालिकेच्या सेटला आग लागली आणि साठाहून अधिक माणसे गेली. नट संजय खान भयंकर भाजले. मेलेल्यांत बहुतेक पडद्यामागे राबणारी माणसे होती.

आता ब्रेकचे. सिनेमात तो काढला की गाडी थांबतच नाही. खऱ्या गाडीची रचना उलटी आहे. पूर्वीच्या व्हॅक्यूम ब्रेकमध्ये गाडीभर फिरलेल्या नळीतली हवा ओढून घेत, तेव्हा ब्रेक सुटत. नळी तुटली की हवा आत शिरे आणि ब्रेक आपोआप लागे. हल्लीच्या ब्रेकमध्ये नळीत दाबाची हवा भरलेली असते, ती निसटली की ब्रेक लागतो. साखळी ओढली की हेच घडते. म्हणजे बिघाड झाला तर गाडी उधळण्याऐवजी थांबावी, असा हिशेब आहे.

तरीही घाटात एवढ्यावर भिस्त ठेवत नाहीत. लोणावळ्यापुढे बोरघाट लागतो. दर ३७ फुटांना एक फूट उतार. गाडी न आवरती झालीच तर तिला मुख्य रुळावरून बाजूला घेऊन चढावर चढवणारे आंधळे फाटे इथे ठेवलेले आहेत. त्यांना कॅच साइडिंग म्हणतात. उतरणीचा बैल आवरत नसला की गाडीवान गाडी बांधाला चढवतो, त्यातलाच प्रकार. म्हणूनच घाट उतरताना गाडी मंकी हिल किंवा ठाकूरवाडीला क्षणभर थांबली, की ब्रेक नीट धरतो आहे हे पाहणे चाललेले असते. नवखा प्रवासी मात्र कुरकुरतो.

याच उतारावर चाकांवर घासणाऱ्या ब्रेकचा करपट वास खिडकीतून आत येतो, कधी ठिणग्या दिसतात, कधी धूर. नेहमीचे प्रवासी मान वर करत नाहीत. नवख्याच्या पोटात गोळा येतो, आणि त्याला हसण्यात अर्थ नाही. २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली. साखळी ओढली गेली, गाडी थांबली, घाबरलेली माणसे शेजारच्या रुळांवर उतरली. त्या रुळांवरून कर्नाटक एक्सप्रेस आली. किमान बारा जण गेले. गाडीला आग लागलेलीच नव्हती.

डब्यात धूर दिसला तर आधी तो चाकाखालून येतो आहे की डब्याच्या आतून, हे पाहावे. आतून असेल तर साखळी ओढावी आणि शेजारच्या डब्यात सरकावे. उतरायची वेळ आलीच तर ज्या अंगाला दुसरे रूळ नाहीत त्या अंगाने उतरावे. पोरांना हाताला धरून, आणि गाठोडे मागे ठेवून. स्टोव्ह, रॉकेल, फटाके, गॅसची टाकी गाडीत नेणे गुन्हा आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. लग्नाच्या वऱ्हाडाने हे ध्यानात ठेवावे. फटाक्यांची पेटी बाकाखाली सरकवण्याची खोड त्यांनाच फार असते.