नॅकची तयारी: आम्हाला काय नडलं, काय उपयोगी पडलं

आमच्या विद्यापीठाचं नॅक, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन आणि मान्यता परिषदेचं मूल्यांकन होतं तेव्हा मी आयक्यूएसीत, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता कक्षात काम करत होतो. सुरुवातीला सगळीकडे चर्चा रंगरंगोटीची आणि समितीच्या स्वागताची. खरं तर 2017 मध्ये आलेल्या पद्धतीत सुमारे 70 टक्के भार आकडेवारीवर होता. पीअर टीमच्या, म्हणजे त्याच समितीच्या भेटीवर उरलेला 30 टक्के.

आधी एसएसआर, म्हणजे स्वयंमूल्यमापन अहवाल भरायचा होता. सात निकष, एकूण 1000 गुण. विद्यापीठासाठी संशोधन आणि विस्तारकार्याला 250, अध्यापन आणि मूल्यमापनाला 200. माहिती पाच वर्षांची हवी. विभागांकडून ती आली, पण प्रत्येकाचा तक्ता वेगळा. काही शोधनिबंध दोन विभागांनी मोजले होते. काही सामंजस्य करारांवर सह्या होत्या, त्यापुढे एकही उपक्रम झालेला नव्हता.

खरी परीक्षा डीव्हीव्हीत, म्हणजे माहितीच्या पडताळणीत झाली. मुदत थोडी आणि शंका भरपूर. एका विभागाने खेड्यांत वर्षानुवर्षं शिबिरं घेतली होती. तारखेचा अहवाल नाही, उपस्थितीची यादी नाही. ते काम धरलं गेलं नाही. त्या सहकाऱ्यांना हे सांगताना मला फार जड गेलं. मराठी कागदपत्रांना इंग्रजी भाषांतर जोडायचं होतं. त्यात रात्री गेल्या.

मदत झाली ती आस्थापना विभागातल्या एका जुन्या लिपिकांची. त्यांची आवक-जावक नोंदवही चोख होती. नेमणुका, रजा, परवानग्या, सगळ्यांच्या तारखा तिथे सापडल्या. मग आम्ही प्रत्येक निकषासाठी एक जबाबदार माणूस नेमला आणि सगळे तक्ते एकाच नमुन्यात आणले. विद्यार्थ्यांचे ई-मेल पत्तेही तपासून घेतले. विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचे प्रश्न नॅक तेव्हा थेट त्यांनाच पाठवायची. बंद पडलेल्या पत्त्यांवरून उत्तरं कुठून येणार?

पीअर टीम आली. विभाग, ग्रंथालय, प्रयोगशाळा पाहिल्या. विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि पालकांशी बोलली. विद्यार्थ्यांना आम्ही पढवलं नव्हतं. एकीने वसतिगृहातल्या पाण्याची तक्रार मांडली. मला धास्ती वाटली. पण सदस्यांनी शांतपणे विचारपूस केली, पुढचे प्रश्न घेतले. नंतर ते पाण्याचं कामही मार्गी लागलं.

निकालात आम्हाला 'ए' श्रेणी मिळाली. ज्या कामांचे पुरावे होते, त्यांचे गुण मिळाले. बाकीची कामं झाली असूनही मोजली गेली नाहीत.

मूल्यांकनाच्या पद्धती बदलत राहतात, पुराव्याची गरज राहतेच. म्हणून ज्यांची पाळी पुढे आहे त्यांना एवढंच सांगतो: कार्यक्रम झाला की त्याच आठवड्यात अहवाल, उपस्थिती आणि तारखेसह छायाचित्रं जमा करा. वार्षिक अहवाल दर वर्षी वेळेवर भरा. पाच वर्षांचं काम शेवटच्या काही महिन्यांत गोळा होत नाही.