मागे कोण वाजवतंय?

आमच्या नानाकाकांना गाणं ऐकवायचं म्हणजे एक पंचाईतच असायची. आपण हौसेने टेप लावावा, "बघा काय आवाज आहे!" म्हणावं, आणि काकांनी डोळे मिटून अर्धा मिनिट ऐकून विचारावं, "मागे कोण वाजवतंय?"

आता हे कुणाला माहीत असतं? आपल्याला गायिका माहीत, फार तर संगीतकार माहीत. "माहीत नाही काका" म्हटलं की ते "बरं" म्हणून पुन्हा डोळे मिटायचे. त्या "बरं"मधे जो काय भाव असायचा ना, तो घरच्यांपैकी जे हे वाचतायत त्यांना बरोबर आठवेल.

काका तबला वाजवायचे. दिवसा कचेरीत कारकून आणि संध्याकाळी तबलजी. नांदेडात कुणाकडे भजन असो, गणपतीत भावगीतांचा कार्यक्रम असो, कीर्तनाचा सप्ताह असो, काकांना निरोप यायचा. गांधर्व महाविद्यालयाच्या गायनाच्या परीक्षा असल्या की दिवसभर एकामागून एक परीक्षार्थी यायचे, आणि काका प्रत्येकासाठी तोच त्रिताल, तोच झपताल न कंटाळता वाजवायचे. कार्यक्रमाच्या पत्रिका आमच्या घरी यायच्या. त्यावर उद्घाटकाचं नाव सगळ्यात मोठं, मग गायकाचं, मग देणगीदारांची यादी, आणि सगळ्यात शेवटी "व इतर साथीदार". काका आयुष्यभर त्या "व इतर"मधेच राहिले. त्याबद्दल ते कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

तर सांगायचं म्हणजे, मला जो एक विचित्र नाद आहे त्याला काकांचा हा प्रश्न कारणीभूत आहे.

मी विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला होतो तेव्हा होस्टेलवर माझा पार्टनर पुण्याचा होता. त्याच्याकडे इंग्रजी गाण्यांच्या कॅसेट्सची एक बॅग होती. मी एकदा त्यातली डायर स्ट्रेट्सची पहिली कॅसेट घरी आणली. काका ओट्यावर बसले होते. "काय ऐकू लालास रे?" मी ऐकवलं. ऐकल्यावर नेहमीचा प्रश्न. मी म्हटलं, "मार्क नॉफ्लर." काका म्हणाले, "तो गातोय. मागे कोण?"

कॅसेटच्या आतला घडीचा कागद काढला. मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं होतं, ड्रम्स: पिक विदर्स. काकांना सांगितलं. "चांगला आहे. उगीच हाणत नाही," म्हणाले. काकांकडून एवढं मिळणं म्हणजे पद्मश्रीच.

पुढे बऱ्याच वर्षांनी, तासाला पंचवीस रुपये देऊन नेट कॅफेत बसायचे दिवस आले, तेव्हा एकदा सहज हे नाव शोधलं. कळलं की हा पिक विदर्स डायर स्ट्रेट्सच्या आधी 'स्प्रिंग' नावाच्या बँडमधे होता. लेस्टर गावचा बँड. 1971 साली एक रेकॉर्ड काढली, ती चालली नाही, बँड मोडला. सगळ्या जगाने 'सुलतान्स ऑफ स्विंग' ऐकलं, पण त्या मागच्या हातांनी आधी एका अशा बँडला साथ केली होती ज्याचं नाव कुणाच्या लक्षात नाही. झालं! तिथून मला जो नाद लागला तो आजतागायत सुटलेला नाही.

ज्यांना या भानगडीत गम्य नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 1969 ते 1975 च्या सुमारास इंग्लंडमधे रॉकवाल्यांपैकी काही मंडळींना तीन मिनिटांच्या गाण्याचा कंटाळा आला. त्यांनी त्यात पाश्चात्य शास्त्रीय संगीत, जॅझ, लोकगीतं असं सगळं घातलं, एकेक गाणं वीस वीस मिनिटांचं केलं, आणि चार मात्रा सोडून पाच, सात, अकरा असले हिशोब सुरू केले. याला म्हणतात प्रोग्रेसिव्ह रॉक. (काकांचं मत: "म्हणजे यांना झपताल आणि रूपक आत्ता सापडला.") यातले येस, जेनेसिस, किंग क्रिमझन, पिंक फ्लॉइड हे मोठे झाले. पण त्यांच्या पायाशी डझनावारी छोटे बँड होते, कुणाची एक रेकॉर्ड, कुणाच्या दोन, आणि मग गायब. मला ओढ या गायब झालेल्यांची.

गंमत अशी की हे गायब झालेले एकमेकांना धाग्यांनी बांधलेले असतात. एकच उदाहरण देतो. शाळेतल्या काही पोरांचा 'युरिएल' नावाचा बँड होता. गिटारवाला स्टीव्ह हिलेज शिकायला निघून गेला. राहिलेल्या तिघांनी 'एग' (होय, अंडंच!) नाव घेतलं. 1969 मधे चौघं पुन्हा जमले आणि 'आर्झाकेल' म्हणून एक रेकॉर्ड करून गेले, पण तीवर खोटी नावं लावली, कारण एगवाले तोवर दुसऱ्या कंपनीच्या करारात अडकले होते. 1972 मधे हिलेजच्या 'खान' बँडची रेकॉर्ड निघाली तर ऑर्गनवर पुन्हा एगचाच डेव्ह स्टुअर्ट. तोच स्टुअर्ट पुढे 'हॅटफिल्ड अँड द नॉर्थ'मधे. हे नाव त्यांनी लंडनच्या बाहेर पडताना लागणाऱ्या रस्त्यावरच्या पाटीवरून उचललं होतं. (त्या न्यायाने आमच्या नांदेडच्या बँडचं नाव 'लोहा, अहमदपूर आणि पुढे' असं झालं असतं.) मग तोच स्टुअर्ट 'नॅशनल हेल्थ'मधे, आणि तिथे सुरुवातीला ड्रम्सवर कोण, तर बिल ब्रुफर्ड, जो आधी येस आणि मग किंग क्रिमझनमधे वाजवून आलेला! म्हणजे एका बाजूला कुणाला माहीत नसलेलं अंडं, दुसऱ्या बाजूला जगप्रसिद्ध येस, आणि मधे चार माणसांचा पूल.

असे धागे जोडता जोडता एक गोष्ट माझ्या लक्षात आली. हे पूल सहसा गायकामुळे होत नाहीत. गायकाचं कसं असतं, तो आपल्या नावाला धरून बसतो. पण ड्रमवाला, बासवाला, ऑर्गनवाला आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. ज्यांचं नाव पत्रिकेवर शेवटी असतं तेच सगळ्यांना जोडत असतात. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? नांदेडच्या गाण्याचा विषय निघाला की अण्णासाहेब गुंजकरांचं नाव निघतं, त्यांचे शिष्य पं. नाथराव नेरळकरांचं निघतं. निघायलाच पाहिजे. पण त्या काळच्या बैठकींना तबल्यावर कोण होतं असं विचारलं की जुनी माणसंसुद्धा डोकं खाजवायला लागतात.

असो. आता मुख्य गोष्टीकडे येतो.

2007 च्या आसपास असाच मी एका रेकॉर्डच्या मागे लागलो होतो. 'मॅजिक कार्पेट' नावाचा लंडनचा बँड. प्रोग्रेसिव्ह म्हणा, लोकसंगीत म्हणा, त्या दोन्हीच्या बांधावर बसलेला. 1972 साली 'मश्रूम' नावाच्या छोट्याशा कंपनीने त्यांची रेकॉर्ड काढली. (याच मश्रूमने 'सेकंड हँड' नावाच्या एका भन्नाट बँडचीही रेकॉर्ड काढली होती, पण तो धागा पुन्हा कधीतरी.) नावं वाचत होतो. गायिका अलिशा सूफिट. गिटार जिम मॉइझ. सतार क्लेम आल्फर्ड. आणि तबला... केशव साठे.

मी खुर्चीतून जवळजवळ उठलोच. साठे? आपले साठे?

आपलेच! 1928 साली मुंबईत जन्मलेले आणि पन्नाशीच्या दशकात लंडनला गेलेले तबलजी. मग मी पुढचे किती तरी दिवस दुसरं काही केलं नाही. एकेक धागा ओढत गेलो आणि प्रत्येक धाग्याच्या टोकाला साठे. 1966 मधे जमैकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरियट आणि कलकत्त्याचा जॉन मेयर यांनी 'इंडो-जॅझ स्वीट' केली. तीत तबल्यावर साठे. त्याच रेकॉर्डवर बास वाजवणारा रिक लेअर्ड पुढे 1971 मधे जॉन मॅकलॉफ्लिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रात गेला. आणि मॅकलॉफ्लिनने पुढे झाकीर हुसेन यांच्याबरोबर 'शक्ती' काढली हे तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. 1967 मधे जर्मनीत 'जॅझ मीट्स इंडिया' झाली, तबल्यावर साठे. तीत ड्रम्स वाजवणारा मानी नॉयमायर आणि बास वाजवणारा उली ट्रेप्टे यांनी दुसऱ्याच वर्षी एक रॉक बँड काढला, त्याचं नाव काय तर 'गुरु गुरु'! आणि 'पेंटँगल' मोडल्यावर त्यातले जॉन रेनबोर्न आणि जॅकी मॅकशी जुनी इंग्रजी लोकगीतं घेऊन नवा ग्रुप करतात, 1977 मधे 'अ मेड इन बेडलम' नावाची रेकॉर्ड काढतात, तेव्हा त्या शेकडो वर्षांच्या इंग्रजी गाण्यांच्या मागे ठेका कोणाचा? साठ्यांचा.

जॅझवाले, जर्मन रॉकवाले, इंग्लिश लोकगीतवाले. ही मंडळी एरवी एकमेकांच्या ओट्यावर बसायची नाहीत. आणि सगळ्यांना जोडणारा माणूस कोण, तर खाली मांडी घालून बसलेला मुंबईचा एक साथीदार!

पुण्याच्या मित्राने मॅजिक कार्पेटची सीडी करून पाठवली. काका तेव्हा रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, बोटं आखडायला लागली होती. त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. आधी काहीच सांगितलं नाही. काकांनी डोळे मिटले. मी वाट बघत होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी प्रश्न विचारायच्या आत माझ्याकडे उत्तर तयार होतं.

"मागे कोण वाजवतंय?"

"केशव साठे. मुंबईचे. लंडनला असतात."

काका काही बोलले नाहीत. पूर्ण गाणं ऐकलं. मग म्हणाले, "हात आपलाच आहे. बघ, ती गाती तिथं हा गप बसतो." थोड्या वेळाने म्हणाले, "आणि नाव लिहिलंय त्याचं?" मी स्क्रीनवर दाखवलं. त्यांनी चष्मा लावून चार नावांच्या यादीतलं ते नाव वाचलं, सावकाश, दोनदा.

त्या दिवशी मी काकांना म्हटलं, "काका, तुम्ही कुणाकुणाला साथ केली त्याची आपण अशीच यादी करू. तुम्ही सांगा, मी लिहितो." काका हसले. "माझं काय लिहू लालास? वह्यांत आहे की सगळं."

आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे. काकांच्या या वह्या होत्या. साध्या, दोनशे पानी. घराला रंग द्यायचा होता त्या दिवाळीला माळा रिकामा करताना मी त्या रद्दीत घातल्या होत्या. जुन्या हिशोबाच्या वह्या समजून. उघडूनसुद्धा बघितल्या नाहीत. इंग्लंडमधल्या कुठल्याशा अंड्याच्या ड्रमरचं नाव मला पाठ, आणि घरातल्या माणसाची चाळीस वर्षं मी किलोच्या भावाने विकली. काकांना हे त्या दिवशी मी सांगितलं नाही. नंतर सांगितलं तेव्हा ते "बरं" म्हणाले. पण हे "बरं" नेहमीचं नव्हतं.

यादी करायचं आज-उद्या करत राहिलं. 2013 च्या पावसाळ्यात काका गेले.

त्यांच्या तबल्याच्या पेटीत, हातोडीच्या खाली, एक वही सापडली. एकच उरलेली. 1973 ते 1975. प्रत्येक ओळीत तारीख, गाव आणि स्वर. तबलजीला आधी स्वर कळला पाहिजे ना, त्याप्रमाणे तबला न्यायचा आणि लावायचा. "लोहा, सप्ताह, काळी एक." "कंधार, भजन, काळी दोन." "देगलूर, पांढरी एक, पेटी बेसूर." गायकांची नावं कुठे कुठेच आहेत. म्हणजे सगळी दुनिया साथीदाराला विसरते, आणि साथीदाराने मात्र गायकांना त्यांच्या स्वरावरून लक्षात ठेवलेलं!

मागच्या महिन्यात आईला ही वही वाचून दाखवत होतो. एका ओळीला आई म्हणाली, "थांब, पुन्हा वाच." मी वाचलं. "नांदेड, परीक्षा, अकरा मुली, काळी चार, पाच. एक फार घाबरते, लय कमी ठेवली."

आई म्हणाली, "त्या वर्षी मी बसले होते परीक्षेला." तेव्हा आईचं लग्न झालेलं नव्हतं, आमच्या घराशी काही संबंध नव्हता. "घाबरणारी तूच का?" मी विचारलं. "आम्ही सगळ्याच घाबरलो होतो," आई म्हणाली. "तबलजीकडे मान वर करून कोण बघतंय? पण लय हळू ठेवली होती खरी. म्हणून तर पास झाले."

चाळीस वर्षं एका घरात राहून दोघांपैकी एकालाही हे माहीत नव्हतं. का माहीत असूनही काका बोलले नाहीत, कोण जाणे.

मी आता त्या वहीतल्या एकेका ओळीपुढे नाव लिहायचा प्रयत्न करतोय. दोनशे चौदा ओळी आहेत, सतरा नावं सापडली. लोहा, कंधार, मुखेड, देगलूर, उदगीर, अहमदपूर इकडच्या नातेवाईकांनो, 1973 ते 75 मधे तुमच्याकडे भजन, सप्ताह, बारसं, काहीही झालं असेल आणि गाणारं माणूस आठवत असेल, तर मला फोन करा. आत्याबाई, तुम्ही तर नक्कीच करा. नाव आठवलं नाही तरी चालेल, आवाज चढा होता का खालचा एवढं सांगितलंत तरी मी शोधतो.

आणि फोन ठेवायच्या आधी एक विचारीनच, आत्ताच सांगून ठेवतो. मागे कोण वाजवत होतं, हे आठवतंय का?