डोंबिवली : स्टेशन ते घर

परदेशात नवीन मराठी माणूस भेटला की नाव विचारून झाल्यावर दुसरा प्रश्न ठरलेला असतो : "भारतात कुठले?" आम्ही सवयीने "मुंबई" म्हणतो. समोरचा दादर-पार्ल्याचा असेल तर तेवढ्यावर सोडत नाही. "मुंबईत कुठे?" "डोंबिवली." मग तो हमखास हसतो, "अहो, ती कसली मुंबई!" म्हणतो, आणि पुढच्याच वाक्यात त्याची मावशी रामनगरला नाहीतर बायकोचे काका टिळकनगरला राहतात असे निघते. डोंबिवलीत एकही नातेवाईक नाही असा मराठी माणूस न्यू जर्सीत गेल्या वीस वर्षांत तरी आम्हाला भेटलेला नाही.

तेव्हा वाचकहो, ज्या गावात तुमची-आमची निम्मी नातीगोती आहेत त्या गावाविषयी थोडे लिहावे असे मनात आले. डोंबिवलीवर विनोद पुष्कळ झाले. गर्दीचे, पाण्याचे, खड्ड्यांचे. आम्हीही ते चवीने सांगतो. पण सध्या घरी एका कारणाने डोंबिवलीचा विषय रोज निघतो आहे. ते कारण शेवटी सांगू. आधी गाव कसे झाले ते पाहू.

मुंबईहून निघालेली रेल्वे १८५३ साली ठाण्याला आणि १८५४ साली कल्याणला पोचली. डोंबिवली या वाटेवरच, व्हीटीपासून साधारण ४८ किलोमीटरवर. (१९९६ साली व्हीटीचे सीएसटी झाले आणि २०१७ साली सीएसएमटी; आमच्या तोंडातून मात्र व्हीटी जात नाही.) एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरे, मध्ये आगरी-कोळ्यांच्या वस्त्या. पुढची शंभर वर्षे गाव तसेच राहिले असते तरी कोणाचे काही बिघडले नसते. पण तिकडे गिरगाव-दादर-परळच्या चाळी भरत चालल्या होत्या. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. जुन्या भाडेकरूंची सोय झाली, पण नवी भाड्याची घरे बांधणे कोणाला परवडेना. पगडी देण्याइतके पैसे कारकुनाकडे कुठले? मुलगा लग्नाला आला की दहा बाय बाराच्या खोलीत दुसरा संसार मांडायचा कसा, हा घराघरातला प्रश्न होता. १९६० साली सहकारी संस्थांचा कायदा आला, १९६३ साली ओनरशिप फ्लॅटचा आला, आणि ठाण्यापलीकडची जमीन स्वस्त होती. बँकेतला, एलआयसीतला, मंत्रालयातला, बीईएसटीतला मराठी माणूस प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून डोंबिवलीला 'ओनरशिपचा ब्लॉक' घेऊ लागला. लग्नाच्या यादीत "मुलाचा स्वतःचा ब्लॉक आहे" या वाक्याला तेव्हा जे वजन होते ते आज ग्रीनकार्डालाही नाही!

आमचे बाबा १९७९ साली असेच दादरच्या चाळीतून आले. वन रूम किचन, तिसरा मजला, लिफ्ट नाही. तीन मजल्यांना लिफ्ट कशाला लागते, असा तेव्हाचा हिशेब. जागा मिळाली ती मुंबईपासून लांब, आणि त्या अंतराची किंमत पुढे रोज मोजायची होती.

ती किंमत आम्ही एकदा इंजिनिअरच्या पद्धतीने काढली. बाबांचे ऑफिस फोर्टात. घरापासून टेबलापर्यंत दीड तास, परत दीड तास. वर्षाचे २७५ दिवस, नोकरीची ३४ वर्षे. एकूण झाले २८,०५० तास. म्हणजे अखंड, रात्रंदिवस, तीन वर्षे आणि वर अडीच महिने आमचे बाबा मध्य रेल्वेच्या ताब्यात होते. त्यातला निम्म्याहून अधिक काळ उभे. आईची नोकरी टेलिफोन खात्यात, दादरला. तिचा हिशेब मांडायला घेतला तेव्हा ती म्हणाली, "माझा नको काढूस. त्यात मी मटार सोललेत, स्वेटर विणलेत, दोघींची लग्नं जमवलीत. तो वेळ फुकट नाही गेला."

गाडीत बसायला मिळणे ही डोंबिवलीकराची एक विद्याच आहे. दोन स्टेशने उलटे कल्याणला जाऊन तिथून बसून यायचे, याला 'रिटर्न' म्हणतात. तिघांच्या बाकड्यावर चौथ्याने टेकायचे, याला 'चौथी सीट'. चौथी सीट म्हणजे अर्धी मांडी बाकड्यावर आणि अर्धी हवेत. पण ती कोणी नाकारायची नाही असा अलिखित कायदा. "जरा सरकून घ्या" म्हटले की तिघे सरकतात. कुरकुर करतील, पण सरकतील. ठाणे गेले की बसलेला उठून उभ्याला जागा देतो. डब्याडब्यांतून भजनी मंडळे, पत्ते, नवरात्रात आरास. निशिकांत कामत यांचा 'डोंबिवली फास्ट' हा चित्रपट २००५ साली आला. त्यातला माधव आपटे हा बँकेतला साधा माणूस एक दिवस भडकून उठतो. बाबांनी तो पाहिला आणि इतकेच म्हणाले, "याचा ग्रुप नव्हता वाटतं गाडीत."

जाता जाता आमच्या विषयातली एक गंमत. आम्ही ज्या एडिसन गावात राहतो, ते ज्याच्या नावाचे, तो थॉमस एडिसन डीसी विजेचा कट्टर पुरस्कर्ता. अमेरिकेने त्याचे ऐकले नाही, एसी स्वीकारली. मुंबईच्या लोकलने मात्र १९२५ साली धरलेली १५०० व्होल्ट डीसी मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर पार २०१५ पर्यंत सांभाळली. एडिसनसाहेबांचा खरा भक्त शोधायचा तर डोंबिवली लोकलमध्येच!

एवढे सगळे गाडीविषयी लिहिले, तरी आमच्या मते डोंबिवली गाडीत नाही. ती स्टेशनचा जिना उतरल्यावर सुरू होते. संध्याकाळी सात-साडेसातला बाबा जिना उतरायचे आणि घरी पोचायला त्यांना पंधरा मिनिटांची वाट होती. ती पंधरा मिनिटे कधी पंधरा मिनिटांत संपली नाहीत. आधी भाजी. मग वाचनालयात पुस्तक बदलायचे. फळ्यावर व्याख्यानाची सूचना वाचायची. गणेश मंदिराबाहेर चप्पल न काढताच हात जोडायचे. वाटेत गाडीतलाच कोणीतरी भेटायचा, ज्याच्याशी दीड तास बोलून झालेले असायचे, त्याच्याशी आणखी दहा मिनिटे कोपऱ्यावर. घरी येईपर्यंत ऑफिसातला आणि गर्दीतला माणूस त्या वाटेवर कुठेतरी गळून पडलेला असे आणि आमचे बाबा तेवढे वर येत. आम्हा मुलांची किल्ली शेजारच्या काकूंकडे. शाळेतून आलो की आधी त्यांच्याकडे पोहे, मग आमच्या घराचे कुलूप. आई-बाबा दिवसाचे बारा तास गावाबाहेर, तरी आम्ही कधी एकटे नव्हतो.

उरलेल्या वेळात या माणसांनी जे उभे केले ते पाहिले की थक्क व्हायला होते. शाळा काढल्या, १९७० साली स्वतःची नागरी सहकारी बँक काढली. पु. भा. भावे इथे राहिले. त्यांच्या नावाची व्याख्यानमाला गावाने चालवली. शं. ना. नवरे २०१३ साली गेले, ते शेवटपर्यंत डोंबिवलीकर होते. गुढीपाडव्याच्या ज्या स्वागतयात्रा आता गावोगावी निघतात, त्यांची सुरुवात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इथल्या गणेश मंदिर संस्थानाने केली. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर सगळी तरुण मंडळी नवे कपडे घालून जमतात. कार्यक्रम असो नसो, एकमेकांना भेटायचे हाच कार्यक्रम. २०१७ च्या फेब्रुवारीत ९० वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत भरले, त्याचे यजमान होते आगरी यूथ फोरम. आम्हाला याचे विशेष वाटते. ज्यांच्या भातशेतीवर आमच्या सोसायट्या उभ्या राहिल्या, त्यांनीच साऱ्या महाराष्ट्राला घरी बोलावले. 'सुसंस्कृत डोंबिवली' म्हणताना आम्ही ब्लॉकवाले फक्त स्वतःला मोजत असू, तर ती मोजणी अपुरी आहे.

आता दुसरी बाजू. पांघरूण घालण्याचे कारण नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच साडेबारा लाखांच्या घरात होती. रस्ते मात्र वन रूम किचनच्या काळातले. एमआयडीसीचे कारखाने आणि घरे एकमेकांना चिकटली. २०१६ आणि २०२४ या दोन्ही वर्षी, दोन्ही वेळा मे महिन्यात, तिथे मोठे स्फोट होऊन माणसे गेली. २०२० साली तिथला एक रस्ता रसायनांनी चक्क गुलाबी झाला होता. गाड्या वाढल्या, १५ डब्यांच्या झाल्या, २०२० च्या डिसेंबरपासून एसी लोकलही आली, २०२२ साली ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाईन झाली. तरीही ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसे गाडीतून खाली पडली आणि काहींचे प्राण गेले. बातमी इथे रात्री कळली. त्या वळणावर बाबा दाराच्या दांडीला धरून ३४ वर्षे गेले-आले. ते रोज घरी आले याला आम्ही इतकी वर्षे 'ऑफिस सुटणे' म्हणत होतो. 'चौथी सीट' वगैरे गमतीने सांगतो, त्या गमतीखाली हे आहे, हे विसरून चालणार नाही.

एडिसनही तसे डोंबिवलीसारखेच. आम्हीही सकाळी मेट्रोपार्कहून गाडी धरतो आणि पाऊण तासात न्यूयॉर्कला पोचतो. बसायला मिळते, शेजारचा चार बोटे अंतर ठेवून बसतो, कोणी "सरकून घ्या" म्हणत नाही. मेट्रोपार्क हे स्टेशन १९७१ साली मोटारीने येणाऱ्यांसाठीच बांधले. संध्याकाळी उतरलेला माणूस जिन्यावरून पार्किंगच्या इमारतीत, तिथून मोटारीत, मोटारीतून थेट गराजमध्ये. दार आपोआप उघडते, आपोआप बंद होते. भाजीला ओक ट्री रोडला जायचे तर तेही मोटारीने. इथे स्टेशन आहे, घरही आहे, मधली वाट तेवढी नाही. तक्रार करत नाही. या गावाने आम्हाला पुष्कळ दिले. पण आपल्याकडचे आई-वडील उन्हाळ्यात सहा महिने येतात आणि तिसऱ्या महिन्यापासून परतीच्या तिकिटाची तारीख विचारू लागतात, त्याचे कारण थंडी किंवा टीव्ही नसते. त्यांना खाली उतरून कुठेतरी चालत जायचे असते, आणि वाटेत कोणीतरी भेटावे असे वाटत असते.

आता ते घरचे कारण. बाबा २०१८ साली गेले. आई शहात्तर वर्षांची, तिसऱ्या मजल्यावर एकटी. ताई ठाण्याला असते, रविवारी येते. गुडघे दुखतात, पण रोज दोनदा जिना उतरते. इमारत आता रिडेव्हलपमेंटला जायची आहे. आम्ही फोनवर म्हटले, "आई, पैसे घेऊन टाकू, तू इकडे ये." सौ.नेही आग्रह केला. खालची खोली, अंघोळीला गरम पाणी, जिना चढायला नको.

आई म्हणाली, "तुमच्याकडे सगळं आहे रे. पण मी दार उघडून बाहेर पडले की जायचं कुठे?"

याला आमच्या एम.एस.मध्ये उत्तर नव्हते. मग ठरले, की काम चालेल तेवढे दिवस ती ताईकडे राहील आणि नव्या इमारतीत परत जाईल. सोसायटीच्या सभेला ती स्वतः गेली. बिल्डरने नकाशा दाखवला : चौदा मजले, दोन लिफ्ट, खाली दोन थरांचे पार्किंग. सगळ्यांनी चौरस फूट विचारले, कॉर्पस विचारला. आईने विचारले, "खाली बसायचं कुठे?" बिल्डरला आधी प्रश्नच कळला नाही. पार्किंग कमी होईल म्हणाला. आईने आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी, त्याच आमची किल्ली सांभाळणाऱ्या, दोन सभा हा विषय सोडला नाही. शेवटी गेटजवळ, रस्ता दिसेल अशी दोन बाकडी नकाशात आली. आम्ही तो नकाशा मागवून पाहिला. मापे बरोबर आहेत.

"पण आई, प्रत्येक बाकडं तिघांचंच दिसतंय," आम्ही म्हटले.

"असू दे," ती म्हणाली. "चौथी आली तर सरकून घेऊ."